लाज दुखते

सोंकुलची कुरणं, ४ जुलै

चि. लेक चोल्पोनला आपाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. घोड्या भरपूर दूध देतात, तुझे वडील भरपूर कुरकुरतात. डोंगरात फोन लागत नाही, म्हणून पत्र दुधाच्या गाडीवाल्याकडे देते. फोनवर बोलण्यासारखा विषयही नाही. तुझ्या छोट्या आयपेरीबरोबर तू धाडलेलं ते शरीराच्या चित्रांचं पुस्तक मी पिठाच्या पोत्याखाली दडवलंय. पाच वर्षांच्या पोरीला तसली नावं कशाला? काल पाहुण्यांसाठी मेंढी कापली, तेव्हा कुठलं हाड कुणाच्या मानाचं ते तुझ्या लेकीनं बाराही हाडांच्या नावांसकट सांगितलं. सगळे खूश! ही नावं शिकावीत. त्या जागेला आपल्यात लाज म्हणतात. लाज झाकायची, लाजेचं बोलायचं नाही, एवढं मी तिला शिकवलंय. तुलाही तेच शिकवलं होतं, काही बिघडलं का? बाकी पोर चार दिवस चहाला शिवत नाही, सारखी तंबूमागं पळते. हवा बाधली असेल.

लोभ आहेच, तो कागदावरही उतरू दे.
तुझी आपा

बिश्केक, ७ जुलै

प्रिय आपास सप्रेम सलाम वि. वि.

पत्र वाचताना हसत होते, तंबूमागं पळते वाचलं आणि हसू विरलं. तिला जवळ घे आणि सरळ विचार, शू करताना जळजळतं का. आजच विचार! मेलेल्या मेंढीच्या हाडाहाडाला नाव, आणि जित्या पोरीला एकच, तेही झाकायचं. बिघडलं का म्हणतेस? मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा वाटलं, मी मरतेय. तीन दिवस खोगिराखालची फडकी चोरली, पण तुला सांगितलं नाही. लाजेचं बोलायचं नसतं ना. पुस्तक बाहेर काढ.

रागाव हवं तर, पण माया आटवू नकोस.
तुझीच चोल्पोन

कोचकोर, ११ जुलै

चि. चोल्पोनला आशीर्वाद.

आधी तुला चार शिव्या घातल्या, मग पोरीला विचारलं. ती रडायलाच लागली. म्हणाली, लाज दुखते, पण लाजेचं सांगायचं नाही ना, म्हणून चहा सोडला, म्हणजे जावंच लागणार नाही.

दुधाच्याच गाडीतून तिला खाली दवाखान्यात आणलं. वाटेत पुस्तकातलं नाव मीच तिला शिकवलं, कुजबुजत. डॉक्टर तुझ्याहूनही लहान! काय होतंय विचारल्यावर मी छताकडे बघत म्हटलं, खाली, जरा तिकडे. तो तिचा गुडघा तपासायला लागला. मग आयपेरीनंच ते नाव खणखणीत सांगितलं, बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू गेलं असेल. साधंच निघालं, औषध दिलंय, आता उतार आहे.

मी उठले, तर कार्टी डॉक्टरला म्हणाली की आजीचंही तिथंच दुखतं, ती कण्हते, पण मोठी आहे ना, तिला सांगता येत नाही. खोटं कसं म्हणू? हिवाळ्यापासून अंगावर काढतेय. डॉक्टरनं मला परत बसवलं. मंगळवारी मोठी तपासणी आहे.

मला भीती वाटते, चोल्पोन. तू ये. आयपेरी म्हणते, घाबरू नकोस आजी, तुझं पण मीच सांगेन.

लोभ असू दे, आणि या खेपेला तो घेऊन स्वतःच ये.
तुझी आपा