पोराला द्यायचं नाव

३ नोव्हेंबर
आलो एकदाचा. रडारचा पांढरा घुमट, शेजारी एक खोली, चूल, रेडिओ आणि पहारेकरी म्हणून मी, आयपिली. कंपनीनं आधी दक्षिणेकडचा माणूस ठेवला होता. अस्वल दिसलं की तो शिट्टी वाजवायचा म्हणे. शेवटी आमच्या गावाचे पाय धरले. माझी कुत्री पुकी सोबत आहे. अस्वलाचा वास तिला माझ्याआधी लागतो.

डिसेंबरात बदली माणूस येईल. बायकोचे, उलुरिआकचे, दिवस भरायच्या आत मला घरी पोचायचंय. मुलगा झाला तर माझ्या बाबांचं नाव. आमच्यात गेलेल्याचं नाव दिलं की तो माणूसच घरी परततो. म्हणजे मी माझ्याच पोराला बाबा म्हणणार. आई म्हणाली, नीट वाग, दात यायच्या आधीच ओरडतील तुला.

११ नोव्हेंबर
सूर्य आता दोन महिने दिसायचा नाही. संध्याकाळी रेडिओवर गावाला खबर द्यायची, तेवढंच माणसाशी बोलणं. आज रेडिओवर उलुरिआक होती. म्हणाली, पोट एवढं वाढलंय की बूट तुझी आई घालून देते. खूप हसलो. रेडिओ बंद केल्यावर खोली फार मोठी वाटली.

१९ नोव्हेंबर
वादळ. पुकी भुंकत सुटली म्हणून बंदूक घेऊन घुमटामागे गेलो. अस्वल नव्हतं. दम लागला, बर्फात जरा टेकलो. परत आलो तेव्हा थंडी अजिबात वाजत नव्हती. पुकी मात्र आत येईना. हाक मारली तरी नाही.

२० नोव्हेंबर
रेडिओवर गाव विचारतंय, आयपिली, बोल की रे. मी बोलतोय. त्यांना ऐकू जात नाही. चूल विझलीय. तहान नाही, भूक नाही —

२३ नोव्हेंबर
माझा भाऊ पालुक आला, सोबत शेजारी. मी समोर उभा. पालुकनं माझ्याकडे पाहिलंच नाही. रागावला असेल —

घुमटामागे गेले. ताडपत्रीत काहीतरी गुंडाळून स्लेजवर बांधलं. बूट बाहेर राहिले होते. उलुरिआकच्या हातची शिवण.

पुकीलाही नेलं. मी मागे धावलो, पण —

तारीख कळत नाही
रेडिओ चालूच राहिलाय. आई साऱ्या गावाला सांगतेय. मुलगा झाला. मी ओरडलो, बाबा आले —

तिनं नाव सांगितलं. बाबांचं नाही.

उलुरिआक त्याला विचारतेय, एवढा उशीर का केलास, थंडी वाजली का रे तुला —

वाजली गं. फार वाजली.

पेन धरवत नाही — ऊब — दुधाचा वास —

कुणीतरी हाक मारतंय, आयपि