गवतावर पसरलेला स्वेटर

प्रिय आई,

तुझा गुडघा कसा आहे? श्रॉपशरच्या टेकड्या हिरव्यागार आहेत आणि मी धडधाकट आहे, एवढं आधी वाच.

सकाळी कुरणात बाबांच्या कुत्र्याला, ब्रॅकनला, बघून वासरं असलेल्या गाई धावून आल्या. मी पट्टा घट्ट धरून ठेवला. फाटकातून शेताच्या मालकीणबाई ओरडल्या, “अगं, सोड त्याला. त्या त्याच्यामागे आहेत. तो पळून सुटेल, धरून ठेवलंस तर तू तुडवली जाशील.”

सोडला. तो रानात शिरला, तो अजून आलेला नाही.

“अंगातला स्वेटर तिथेच टाक, वासाने येईल,” बाई म्हणाल्या. बाबांचा, ते गेल्यापासून न धुतलेला स्वेटर गवतावर पसरून मी कुडकुडत बसले आहे.

ब्रॅकन आल्याशिवाय हे पत्र पेटीत टाकणार नाही. तेव्हा पत्र हातात पडलं की त्याचं वाडगं भरून ठेव.

तुझीच,
हेस्टर