हाताच्या रेषा दिसेपर्यंत

निपाणी, १८ ऑगस्ट

ती. अण्णास,
धाकट्या राजमतीचा जय जिनेंद्र व शि. सा. न.

फोनवर आपण दोघं एकदम बोलतो आणि एकदम रुसतो, म्हणून पत्र. दुकान चाललंय असं लिहावंसं वाटतं, पण ते अजून रांगतंय. बटाट्याऐवजी कच्च्या केळ्याचे वडे लोकांना आवडतात. अडतं ते सूर्याशी.

खोली तुझी, कढई माझी, पण ती उतरवायचा हुकूम सासूबाईंचा. दिवस मावळल्यावर घरात चूल पेटत नाही, तर दुकानात कशी पेटेल, ही त्यांची अट मी आनंदानं मानली. पण त्या घड्याळ मानत नाहीत. दारात स्टुलावर बसून तळहात पुढं धरतात. रेषा दिसेनाशा झाल्या, की दिवस मावळला. काल ढग होते, तर साडेचारलाच शटर खाली. बाजार सुटतो साडेपाचला. धंद्यातला पहिला धडा हा, की गिऱ्हाईक येतं तेव्हा दुकान उघडं लागतं.

अक्षय्य तृतीयेला वर्ष भरेल. तोवर जम बसला नाही तर किल्ली तुझ्या हातात देईन, हा शब्द मला आठवतो. तू विसरलास तर बरं.

माया मंद आचेवर ठेव, विझू देऊ नको.
राजमती

बेळगाव, २ सप्टेंबर

चि. राजमतीस,
अ. उ. आ.

विसरलो नाही. खतवाले युवराज खोलीसाठी मागं लागलेत. परवा म्हणे, तू केळी आणायला गेलीस तेवढ्यात टेप लावून भिंती मोजून गेले. अक्षय्य तृतीयेनंतर बघू म्हणालोय. तुझी वहिनी मला दुष्ट म्हणते आणि वडे कधी पाठवतेस ते विचारते.

धीर धर. ढग काय, जातील.
तुझा
जिनदत्तअण्णा

निपाणी, १० फेब्रुवारी

ती. अण्णास, शि. सा. न.

ढग गेले, थंडी गेली. दिवस वाढतोय आणि दुकान आखडतंय. काल लख्ख उन्हात चारला शटर! समोरच्या भाजीवाल्या रुक्माबाई ओरडून म्हणाल्या, की आवो, सूर्य आजून माझ्या टोमॅटोवर बसलाय की. सासूबाई म्हणाल्या, टोमॅटोवर आसंल, माझ्या हातावर न्हाय.

शिळं चालत नाही, म्हणून उरलेले वडे आम्हीच उजेडात संपवतो. ह्यांच्या शर्टाची बटणं आता लागत नाहीत. शटर ओढताना सासूबाई माझ्याकडं बघत नाहीत, मी त्यांच्याकडं बघत नाही. पण त्यांचं मन मोडून दुकान चालवायचं नाही, एवढं ठरलंय. खतवाल्यांना कळव हवं तर.

रागावू नको, म्हणजे झालं.
राजमती

बेळगाव, १६ फेब्रुवारी

चि. राजमतीस, अ. उ. आ.

पत्र वाचून वहिनी पोट धरून हसली. अगं, एकतर सूर्य बिघडलाय, नाहीतर तुझ्या सासूबाईंचे डोळे. सूर्याचा डॉक्टर माझ्या ओळखीचा नाही. डोळ्यांचा आमच्या गल्लीतच आहे. त्यांना घेऊन ये.

अण्णा

निपाणी, २० मार्च

ती. अण्णास, शि. सा. न.

मोतीबिंदू! एकाच डोळ्याचा काढला, तर ही तऱ्हा. तुमच्याकडं चार दिवस राहून त्यांनी तुझ्या पंख्यावरची धूळ काढायला लावली, त्याची माफी. इथं आल्याआल्या माझ्या भिंतीवरचे तेलाचे डाग दाखवले, आणि वडे एवढे बारके करतीस व्हय गं, म्हणून ओरडल्या. मग दारात हात धरून बसल्या. साडेसहा वाजले तरी रेषा दिसतच होत्या! घरी जाताना एवढंच म्हणाल्या, लई वडे खायला लावले मी तुमास्नी.

तुझ्या थट्टेला माझा नमस्कार.
राजमती

बेळगाव, २२ एप्रिल

चि. राजमतीस, अ. उ. आ.

परवा अक्षय्य तृतीयेला किल्लीसाठी आलो होतो. तू कढईत मान घालून होतीस, म्हणून झालेलं लिहितो. पुढं घुसायला लागलो, तर मागून कुणीतरी शर्ट ओढला. युवराज! म्हणाले, अण्णा, रांगेत या. आणि खोलीचं ऱ्हाऊ द्या, मी दुसरी बघतो. ही बंद झाली तर मला सांजचा वडा कोण देणार?

तरी थोरल्या भावाचा तोरा म्हणून मी दारात सासूबाईंपुढं किल्लीसाठी हात पसरला. त्यांनी तो धरला, उजेडाकडं वळवून नीट न्याहाळला, रेषा अजून झ्याक दिसत्यात म्हणाल्या, आणि त्यावर वड्यांची बशी ठेवली.

बशी धुऊन ठेवून आलोय. किल्ली तुझ्याकडंच राहू दे.

उन्हं असेपर्यंत आणि नंतरही तुझाच,
अण्णा