पाळकसाहेबांविषयी बिशपांना कळवलं

जालना,
१४ फेब्रुवारी १९७४

प्रभूमध्ये प्रिय रत्नमाला हिला सलाम.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. तुझे पाय अजून सुजतात का? आईंना सांग, या दिवसांत तुला विहिरीवर पाठवू नका.

वॉर्डन झाल्यापासून चर्चची किल्ली माझ्याकडे असते. घंटा, झाडलोट, प्रभुभोजनाची तयारी, सगळं मीच बघतो. पण पाळकांचं काही कमीजास्त झालं तर बिशपांना कळवायचं कामही वॉर्डनचंच, याचा मी तेव्हा विचार केला नव्हता.

रविवारी बाप्तिस्मा देताना आपल्या पाळकांनी, भांबळसाहेबांनी, बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं आणि आपल्या वारलेल्या मुलाचं नाव घेतलं. बाळाची आई घाबरून ओरडली, "साहेब, पोरगी हाये माझी!" मागच्या महिन्यात तर पुढचे शब्द आठवेनात म्हणून ते प्रार्थनेच्या मध्येच थांबले होते.

आपलं लग्न त्यांनीच लावलेलं. त्यांच्या माघारी लिहिणं बरं नव्हे, म्हणून काल त्यांच्या घरी गेलो.

"मला समजून राह्यलंय, शांतवन," ते म्हणाले. "म्हणून तर वॉर्डनसाठी तुझं नाव मी सुचवलं. बाकीचे भिडेपोटी गप बसले असते. तू लिही."

आज पत्र टाकलं, आणि तेव्हापासून घरात पाय ठरत नाही. बिशप येईपर्यंत उपासना त्यांनाच चालवायची आहे. काल निघताना माझा हात धरून म्हणाले, "रविवारी माझ्या बाजूला उभा राह्य. चुकलो तर हळू सांग, लोकांना ऐकू जाऊ देऊ नको."

घरी सगळ्यांना सलाम. प्रार्थनेत त्यांचंही नाव घे.

तुझा,
शांतवन