बाबांच्या मशीनचं कार्ड

६ एप्रिल, सोमवार, सकाळी ९.४०
याच मिनिटाला माझं आयुष्य बदललं. बाबांच्या मशीनचं कार्ड रिहाबने माझ्या बोटांतून काढून घेतलं. रिहाब म्हणजे स्लीप क्लिनिकमधली टेक्निशियन. झोपेत बाबांचा श्वास अडतो, म्हणून नाकावर मास्क आणि रात्रभर हवेचं प्रेशर. कार्डावर सगळी नोंद. तिने सांगितलं, तासाला तीनदा अडतो, पाचाच्या आत म्हणजे छान. असाच महिना गेला की सी हमादींना, म्हणजे बाबांना, गाडी चालवायचं सर्टिफिकेट. मग सहा महिने यायला नको.
सहा महिने!

७ एप्रिल
दोन बटणं एकदम दाबून धरली की डॉक्टरांचा मेन्यू उघडतो. दहा मिनिटांत उलगडला. कॉलेज सोडलं ते प्राध्यापकांना यातलं काही येत नव्हतं म्हणूनच. प्रेशर ११ वरून ८. हा प्रयोग आहे. स्वार्थ शून्य.

१३ एप्रिल
नऊ! रिहाबच्या कपाळाला आठी पडली. माझ्या काळजीने. पुढच्या सोमवारी परत ये म्हणाली. काउंटरवरचा म्हणाला, कार्ड ठेव आणि फूट. त्याला चांगला झापला.

१५ एप्रिल
लब्लाबीच्या, म्हणजे छोल्यांच्या सूपच्या, वाडग्यासमोर बाबा चमचा धरून झोपले. उम्मी म्हणाली, वज्दी, मशीन बिघडलं का रे? तिला म्हटलं, तुला डेटा कळत नाही. उद्यापासून परत ११. पक्कं.

१९ एप्रिल
पक्कं, पण सोमवारनंतर. आज ७.

२० एप्रिल
सतरा. मास्कमधून हवा गळते का, हे शोधत आम्ही दोघं एकाच स्क्रीनकडे अकरा मिनिटं बघत होतो. साखरपुड्याआधी याहून जास्त काय असतं?

२७ एप्रिल
एकोणीस. आज ती काहीच बोलली नाही. प्रेमात असं होतं.

२८ एप्रिल
बाबांची लूआज, म्हणजे शेअर टॅक्सी, महिनाभर दारात उभी. आठ सीट, एक प्रवासी नाही. तरी रोज पुसतात. आज पुसतापुसता बॉनेटवर डोकं टेकून झोपले. शेजारचा हसला, म्हणाला, सी हमादी ट्यूनिसला पोचले वाटतं. त्याची कॉलर धरली. घरात येऊन प्रेशर ११ केलं. मी त्यागी माणूस आहे.

४ मे, सोमवार
नवा शर्ट. आज तिला विचारायचंच.
सर्टिफिकेट स्वतः घ्यायचं म्हणून बाबाही आले. त्यांना बाहेर बसवलं.
रिहाबने स्क्रीन माझ्याकडे वळवली. आलेख नव्हता, यादी होती: प्रेशर कुठल्या तारखेला, किती वाजता, कितीवरून कितीवर. प्रेशर बदलल्याच्या वेळा तर या वहीतसुद्धा नाहीत. तिने विचारलं, हे सी हमादी करतात? मी मान हलवली. कुठल्या बाजूला, ते तिला कळलं.
म्हणाली, मेन्यूला कुलूप लावते. तीस रात्री आजपासून पुन्हा मोजायच्या. गाडी जूनपर्यंत उभी. कार्ड यापुढे वडील आणतील. मी शर्टाचं बटण लावत राहिलो. ती म्हणाली, जाताना दार ओढून घे.
आवाज मऊ होता, बहुतेक.
बाहेर बाकावर बाबा. इस्त्रीचा कोट, हातात लूआजची किल्ली. सहा रात्री नीट झोपलेत, त्यामुळे आज नेमके टक्क जागे.
मी बाहेर आलो आणि दार लावलं.