रोमेलची तब्येत

२२ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार
काल सुजयला पोचवला. पेटी मुंबईहून पहाटे सहाला आली. दहाला निघालो, एकपर्यंत सगळं आटोपलं. आज सकाळी शेजारच्या धोंडूबरोबर जाऊन अस्थी गोळा केल्या. राख अजून कोमट होती.
अठ्ठावीस वर्षांचा मुलगा. बोटीवर मलेरिया होऊन मरतो! या काळात!
जेवण शेजारून येतं. सुजयची आई, मालन, ताट घेते आणि तशीच बसून राहते.

२३ नोव्हेंबर
कंपनीचं ३० ऑक्टोबरचं मेल काढून परत वाचलं. ‘स्टेबल’ असं लिहिलं होतं. ते वाचून मी भैरीच्या देवळात नारळ देऊन आलो होतो. वाटेत भेटेल त्याला सांगितलं — पोरगा बरा झाला! तिसऱ्या दिवशी फोन आला. गेला म्हणून.
आज दीपालीला विचारलं. म्हणाली, "नाना, स्टेबल म्हणजे बरा नव्हे. आहे तिथंच आहे, एवढंच."
"मग तेव्हा का नाही बोललीस?"
"तुम्ही नारळ देऊन आला होतात."
नर्स म्हणून तिला कळलं होतं. मुलगी म्हणून गप्प बसली.  

२५ नोव्हेंबर
फोनवर अनोळखी नंबरवरून निरोप. रोमेल म्हणून कोणी. सुजयच्या केबिनमधला, फिलिपिन्सचा. दोघांना एकाच दिवशी ताप आला. याला किनाऱ्यावर उतरवलं, अजून तिथल्याच हॉस्पिटलात आहे. किडनीवर गेलं होतं म्हणे. माझा नंबर सुजयनंच दिलेला. चार वेळा ‘सॉरी सर’. शेवटी लिहिलंय — अंगात जरा ताकद आली की सुजयचं सगळं सांगेन, आता जमत नाही.
म्हणजे हा जगला! माझ्या मनात पहिलं तेच आलं. इथं खोटं कशाला लिहू. ताप एकच आणि हा जगला.
पण सुजयजवळ होता तो हाच. कंपनीच्या कागदात नुसती तारीख आणि वेळ. हा बरा झाला नाही तर मला कधीच काही कळायचं नाही.

२६ नोव्हेंबर
ठरवलं — दुखण्याचे आणि बरं होण्याचे इंग्रजी शब्द शिकायचे. एसटी डेपोत तीस वर्षं इंग्रजी फॉर्म भरले, पण हे शब्द कधी लागले नव्हते. परत नारळ देऊन यायची वेळ नको.
दीपालीनं ड्यूटीवरून आल्यावर सांगितले. वहीच्या मागच्या पानांवर लिहिले. अ‍ॅफेब्राइल — ताप नसलेला. अपेटाइट — भूक. रिलॅप्स — दुखणं उलटणं. कॉन्व्हॅलेसन्स — दुखण्यातून उठतानाचे दिवस. हा तीनदा लिहिला तेव्हा बसला.

२७ नोव्हेंबर
रोमेलला स्वतः लिहिलं. कुणाला न दाखवता पाठवलं — ताप नाही ना? तोंडानं घेतोस का? शौचास होते का? सगळं दीपालीच्या इंग्रजीत.
उत्तर आलं, "सर, आर यू डॉक्टर?" पुढे हसरी तोंडं.
दीपालीला दाखवलं. "नाना, हे केसपेपरवर लिहायचं असतं! माणसाला असं कोण विचारतं?" आणि फसकन हसली. लगेच तोंडावर हात. आतून मालन आली. मला वाटलं चिडेल.
"हस गो. कुणीतरी हसा या घरात," म्हणाली आणि परत आत गेली.

३० नोव्हेंबर
दहावं झालं. भाट्याच्या किनाऱ्यावर पाण्यात उभा होतो तेव्हा काहीच वाटत नव्हतं. त्याचीच भीती वाटली.
रोमेल आता उठून बसतो. दीपाली म्हणते, "शेवटी गेट वेल सून लिहा, तशी पद्धत आहे." मी म्हटलं, सुतकात कुणाला आशीर्वाद देत नाहीत. 

३ डिसेंबर
तेरावं झालं. सुतक फिटलं. तरी ते तीन शब्द लिहिले नाहीत. म्हणजे कारण सुतक नव्हतं.

६ डिसेंबर
पडवीत शब्द पाठ करत होतो. धोंडू कुंपणाच्या गडग्यावरून, "काय नाना, इंग्लिश शिकताव? बोटीवर जाताव की काय आता?" बोलला आणि त्याचाच चेहरा पडला. जरा वेळानं पपई आणून ठेवली. मी ‘ठेव’ म्हटलं. त्याच्यावर राग नाही.
रोमेलचा निरोप नाही.

१० डिसेंबर
पाच दिवस काही नाही. दीपाली म्हणते, रिलॅप्स असेल, होतो कधी कधी. शब्द मला येत होता. तो असा माणसाला लागलेला पहिल्यांदा ऐकला.
दिवसभर फोन हातात. आधी वाटलं, हा गेला तर सुजयची हकीकत गेली. दुपारनंतर तेही वाटेना. नुसतं वाटलं, हा जाऊ नये. याचंही कोणी घरी बसलं असेल.
संध्याकाळी पाठवलं. गेट वेल सून. बाकी काही नाही.

१५ डिसेंबर
आला निरोप! ताप परत आला होता, उतरला. परवा डिस्चार्ज, मग घरी. आज भात जेवला.
मालनला सांगितलं. "भातच खातात तेही? वर काय घेतलं विचारा." विचारलं. मासे. "मग होईल बरा," ती म्हणाली. सुजयला पोचवल्यापासून आज पहिल्यांदा ती ताटातलं सगळं जेवली.

२२ डिसेंबर
मालन पूर्णगडला बहिणीकडे. दीपाली ड्यूटीवर. अकराला रोमेलचा लांब निरोप आला. एकट्यानं वाचला. एकही शब्द अडला नाही.
लाँच सुजयसाठी आली होती. त्याचाच ताप जास्त. समुद्र खवळलेला, एकालाच उतरवता येणार होतं. दुसऱ्यासाठी लाँच उद्या. रोमेल भीतीनं रडायला लागला, मुलींची नावं घ्यायला लागला. तेव्हा सुजय उठून बसला. कॅप्टनला म्हणाला — मला बरं वाटतंय, ताप उतरलाय, याला न्या.
पुढे रोमेल लिहितो, त्याचा हात माझ्या हातात होता. भाजत होता. मला माहीत होतं. मी बोललो नाही.
नंतर वारा वाढला. लाँच परत आलीच नाही.
दोनदा वाचलं. मग फोन पालथा ठेवला. कपडे भिजत घातलेले होते. बादली विहिरीवर नेली, एकेक धुतला, पिळला, दोरीवर टाकला.