एका घराचा मध

३ मार्च

गेल्या. चौदाच्या चौदा पेट्या!

आज ऊन पडलं म्हणून झाकणं उघडली, तर आत सामसूम. तळाशी माश्या मुठी मुठी पडलेल्या. आमच्याकडे गाय ‘मेली’ म्हणतात, मधमाशी मात्र ‘वारली’ म्हणतात, माणसासारखी. लाल किडीचं औषध मी उशिरा दिलं. उद्या देऊ, परवा देऊ — माझाच आळशीपणा नडला. कुणाला दोष देऊ?

कुंपणापलीकडून विंको आला. टोपी काढली, एका पेटीवर हात ठेवून उभा राहिला. त्याच्यासमोर रडू आवरलं. घरात आल्यावर नाही आवरलं.

८ मार्च

बाजार. गेल्या वर्षीच्या उरलेल्या नऊ बरण्या अकराच्या आत संपल्या. शेजारच्या गाळ्यावरची फानी चीज कापता कापता म्हणते, ‘तिल्का, तुझ्या गाळ्यावर पाच जणांचा डोळा आहे हं! एक मोसम रिकामा ठेवलास की गेलाच समज.’

माहीत आहे गं बाई. बावीस वर्षं उभी आहे तिथे.

पण खरं सांगू? गाळ्याचं दुःख आहेच. त्याहून मोठं दुःख गाडीचं आहे. दर शनिवारी विंको मला शहरात सोडतो. जाताना चाळीस मिनिटं, येताना चाळीस. स्वतःचा मध तो पिंपंच्या पिंपं भरून संघाला देतो — गिऱ्हाइकाशी बोलायचं म्हटलं की याची दातखीळ बसते. तरी शनिवारीच शहरात काम असतं म्हणे. काय काम, देव जाणे. आठवड्याला ऐंशी मिनिटं. त्यांच्यावर मी उरलेला आठवडा काढते.

लिहिलं एकदाचं! अठ्ठावन्न वर्षांची घोडी झालीस तिल्का, आणि हे असलं लिहितेस.

१५ मार्च

विंको म्हणाला, ‘माझा मध घे. तुझ्या बरण्यांत भर. मध तो मधच.’

जीव असा लोभावला! पण नियम आहे. कृषी कार्यालयातल्या उर्शानं पुस्तिका दिली होती, ती पुन्हा वाचली. घरी काढलेला मध बाजारात विकायचा तर तो आपल्याच पेट्यांचा हवा. बरणीवरच्या चिठ्ठीत आपलं नाव, घर क्रमांक, कुठल्या फुलोऱ्याचा, कधी काढला. दुसऱ्याचा मध आपला म्हणून विकणं ही फसवणूक.

फानी म्हणते, ‘कोण बघायला येतंय!’

मी बघते ना. चिठ्ठीवर माझं नाव असतं.

विंको म्हणाला, ‘बरं. मी विचारून येतो कार्यालयात. काहीतरी वाट असेल.’

२९ मार्च

शनिवार. न्यायला काही नाही, मग जाऊ कशाला? त्याची गाडी फाटकाशी आली. थांबली. मी पडद्यामागे. हॉर्न नाही वाजवला. गेली.

१९ एप्रिल

उद्या ईस्टर. कुंपणावरून त्याला अर्धी पोतित्सा दिली, आक्रोड भरलेली सणाची गोड पावरोटी. विचारलं, ‘कार्यालयात गेला होतास ना? काय म्हणाले?’

‘बघतो म्हणाले.’ आणि कान हे लालबुंद! एवढं काय लाजायचं? नाही जमलं तर नाही जमलं म्हणावं.

अल्बिना असती तर तिनं त्याच्याकडून काढून घेतलं असतं. ती म्हणायची, ‘माझ्या नवऱ्याकडून एक वाक्य काढायचं म्हणजे पहाटेपासून बसावं लागतं.’ सहा वर्षं झाली तिला जाऊन. माझी मैत्रीण होती, आणि तिच्या लग्नातली पोतित्सा मीच केली होती. आक्रोड फोडता फोडता रडले तेव्हा. सगळ्यांना वाटलं बोट चेचलं. तिच्याशी कधी वावगं वागले नाही. मनातसुद्धा नाही... म्हणजे, मनात थोडं.

१२ मे

माझं अकेशियाचं झाड फुललंय. विंकोच्या माश्या त्यावर गर्दी करून आहेत. त्यांना कुंपण आडवं येत नाही! दुपारभर खाली बसून ऐकत राहिले. भाकरी करपली.

२६ मे

काय लिहू? पहिलं पान फाडून टाकलं. रागानं की कशानं, कळत नाही.

सकाळी आला. स्वच्छ शर्ट. खुर्चीत बसला, उठला, पुन्हा बसला. म्हणाला, ‘तिल्का, एका घराचा मध असेल तर चालतं.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे एक घर, एक नोंद. त्या घरातल्या कुणाच्याही पेट्या असोत, त्या घरच्याच. मग चिठ्ठीवर तुझं नाव चालेल.’

‘पण आपण एका घरातले कुठे आहोत?’

‘तेच तर.’

शेवटी मीच म्हटलं, ‘विंको, तू मला मागणी घालतोयस का?’

‘नियम तसा आहे,’ म्हणाला!

नियम! चाळीस वर्षं जे ऐकायला कान टवकारून बसले, ते असं कानावर यावं? गाळा जाऊ नये म्हणून मला पदरात घेणार. मोडक्या पेटीला फळी ठोकतात तसं. म्हटलं, ‘मला कुणाची दया नको.’ तो उठला. टोपी विसरून गेला.

२८ मे

टोपी कुंपणाच्या खांबावर ठेवली. संध्याकाळी नव्हती.

१ जून

बोलत नाही. दिसतो, मान हलवतो, आत जातो.

हो म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? आज तो चुलीसमोर बसलेला असता. गप्पच बसला असता, पण माझ्या चुलीसमोर! नाही गं बाई. रोज त्याच्या तोंडाकडे बघून विचारत बसले असते — नियमासाठी की माझ्यासाठी? तेवढं एक कळलं असतं तर अनवाणी गेले असते.

आणि तरी मन काही ऐकत नाही. पलीकडे दार वाजलं की उठते.

८ जून

ठरवलं. स्वतः कार्यालयात जाते. दुसरी काहीतरी वाट असेलच. गाळा माझा मी वाचवीन, मग त्याच्या दयेची गरज उरणार नाही. मग येतो का बघू. नाही आला तर नाही.

११ जून

दुसरी वाट आहे. दुसऱ्याचा मध भरून विकायची वेगळी नोंदणी, एकच फॉर्म. चिठ्ठीवर कुणाच्या पेट्यांचा तेवढं लिहायचं. लग्नबिग्न काही नको.

उर्शा म्हणाली, ‘अहो, विंकोंना मी एप्रिलमध्येच सांगितलं होतं हे! फॉर्मही हातात दिला. त्यांनी दोनदा वाचला आणि परत केला. म्हणाले, हा नको, एका घराचा असतो तो द्या.’

मीही तोच घेऊन आले.